हवाई सफर (पर्यटन)

हवाई सफर म्हणजे वरून प्रदेश पाहण्याच्या हेतूने लहान विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून केलेले उड्डाण होय. नेहमीच्या विमानप्रवासात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचणे हा हेतू असतो. हवाई सफरीत विमान बहुधा जिथून निघाले तिथेच अर्ध्या-पाऊण तासाने परत उतरते. प्रवाळबेटे, ज्वालामुखी, हिमशिखरे, मोठ्या दऱ्या अशी जी स्थळे जमिनीवरून एका नजरेत मावत नाहीत, त्यांच्या आसपास हा व्यवसाय वाढला. बेटांवर सुट्टीसाठी गेलेले पर्यटक हे त्याचे एक मोठे ग्राहक आहेत. मराठीत त्यासाठी ‘जॉय राइड’ हा शब्दही रूढ आहे. प्रशांत महासागरातील हवाई बेटांच्या नावाशी या संज्ञेतील ‘हवाई’ या शब्दाचा संबंध नाही. मात्र या प्रकारच्या पर्यटनासाठी ती बेटेही प्रसिद्ध असल्याने वाचकाचा गोंधळ होण्याचा संभव असतो.

काही देशांत परवानाधारक पर्यटक लहान विमान ताब्यात घेऊन ते स्वतः चालवू शकतो. भारतात सर्वसामान्य पर्यटकाला विमान, वैमानिक आणि व्यवसायाचा परवाना हे तिन्ही एकत्रच भाड्याने घ्यावे लागतात. अंदमान, महाराष्ट्र आणि गुजरात येथे अशा लहान विमानांचे, विशेषतः जलविमानांचे, प्रयोग झाले. त्यांतील बहुतेक अल्पजीवी ठरले.

इतिहास

पैसे घेऊन लोकांना आकाशातून फिरवून आणणे हा विमान वाहतुकीच्या सर्वांत जुन्या व्यवसायांपैकी एक आहे. पहिल्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत सैन्यातून मुक्त झालेले वैमानिक आणि स्वस्तात विकली जाणारी लष्करी विमाने मुबलक होती. हे वैमानिक गावोगावच्या मोकळ्या मैदानांत उतरत, कसरती दाखवत आणि ठरावीक शुल्क घेऊन प्रेक्षकांना फेरी मारून आणत.

ही प्रथा १९२० च्या दशकाच्या अखेरीस भारतात आली. ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक नेव्हिल विन्सेंट हे डी हॅविलँड डीएच-९ जातीची विमाने घेऊन भारतात फिरले आणि त्यांनी ठिकठिकाणी लोकांना हवाई फेऱ्या घडवल्या. त्यांची पुढे जे. आर. डी. टाटा यांच्याशी ओळख झाली व त्यातून टपालसेवेची योजना आकारास आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहूपर्यंत टपाल आणले आणि पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा विन्सेंट यांनी पूर्ण केला. एअर इंडियाचा उगम या उड्डाणात मानला जातो. भारतीय विमान वाहतुकीच्या इतिहासाचे एक मूळ अशा रीतीने मैदानांतील सशुल्क फेऱ्यांपर्यंत पोहोचते; टपालसेवेच्या गौरवात ही बाब सहसा नोंदवली जात नाही.

मुंबईत १९२८ मध्ये जुहू येथे विमानतळ व बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. १९३३-३४ च्या हिवाळ्यात ‘इंडियन एअर पॅजंट्स’ या नावाने कॅप्टन सी. डी. बार्नार्ड यांच्या पथकाने भारतभर दौरा केला. त्यातही हवाई कसरतींबरोबर प्रेक्षकांना फेऱ्या मारण्याची सोय होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर या व्यवसायाचे केंद्र गावाच्या मैदानातून पर्यटनस्थळांकडे सरकले. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन, हवाई बेटे, अलास्का, न्यूझीलंडमधील हिमनद्या, नेपाळमधील एव्हरेस्ट परिसर आणि हिंदी महासागरातील मालदीव व मॉरिशस ही त्याची आजची प्रमुख क्षेत्रे आहेत.

भाड्याचे प्रकार

‘विमान भाड्याने घेणे’ या शब्दप्रयोगाचे तीन भिन्न अर्थ होतात. पहिल्या प्रकारात प्रवासी ठरलेल्या फेरीचे आसन विकत घेतो आणि इतर प्रवाशांबरोबर उड्डाण करतो. दुसऱ्यात तो संपूर्ण विमान वैमानिकासह घेतो. वेळ व मार्ग काही मर्यादेत त्याच्या इच्छेनुसार ठरतो. तिसऱ्यात विमान त्याच्या ताब्यात दिले जाते आणि तो ते स्वतः चालवतो. पहिल्या दोन प्रकारांत उड्डाणाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कंपनीवर असते. तिसऱ्यात हवामान पाहणे, वजनाचा हिशेब करणे, इंधन मोजणे आणि प्रसंगी उड्डाण रद्द करणे हे सर्व विमान चालवणाऱ्या पर्यटकाकडे येते.

अमेरिकेत तिसरा प्रकार सर्रास आढळतो. तेथे अन्य देशाचा खासगी वैमानिक परवाना असलेल्या व्यक्तीला त्या परवान्याच्या आधारे अमेरिकी प्रमाणपत्र मिळू शकते. त्यानंतरही विमान देणारी संस्था सहसा स्वतःच्या प्रशिक्षकाबरोबर तपासणी-उड्डाण करवून घेते, कारण परवाना असणे आणि त्या विशिष्ट बेटाचे वारे, डोंगर व हवाई क्षेत्राचे नियम माहीत असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. खासगी परवानाधारकाला प्रवाशांकडून मोबदला घेता येत नाही. इंधन, तेल, विमानतळ शुल्क व विमानाचे भाडे असा खर्च तो सोबत्यांबरोबर वाटून घेऊ शकतो, परंतु त्यातील आपला समान वाटा त्याला स्वतः भरावाच लागतो.

आकारणी

स्वतः चालवण्यासाठी घेतलेल्या विमानाचे भाडे तासावर असते. इंजिन चालू असलेला काळ मोजणारे एक यंत्र विमानात बसवलेले असते. त्यास हॉब्स मीटर म्हणतात. ते तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटे, या एककात नोंद करते. त्यामुळे धावपट्टीकडे जाताना किंवा परवानगीची वाट पाहताना गेलेला वेळही भाड्यात धरला जातो. भाडे इंधनासह आहे की इंधनाशिवाय, हे आधी स्पष्ट करून घेणे आवश्यक असते. लहान विमान उद्योगात इंधनासहच्या भाड्याला ‘वेट’ म्हणतात. मोठ्या विमान कंपन्यांच्या व्यवहारात मात्र याच शब्दाने कर्मचाऱ्यांसह दिलेले विमान सूचित होते.

लहान पिस्टन इंजिनांना लागणारे एव्हगॅस हे इंधन प्रवासी जेट विमानांच्या इंधनाहून वेगळे असते. ते निळसर रंगाचे असून पेट्रोलच्या जातीचे आहे. भारतात ते पूर्वी आयात करावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदरा येथे त्याचे देशांतर्गत उत्पादन जाहीर केले. कॅराव्हॅन किंवा ट्विन ऑटरसारख्या विमानांची इंजिने जेट इंधनावर चालतात. बेटांवरील व्यवसायात ती लोकप्रिय असण्यामागे हेही एक कारण आहे.

वजनाचे गणित

लहान विमानात चार आसने असली तरी चार प्रौढ व्यक्ती बसू शकतीलच असे नाही. ही गोष्ट प्रथमच अशा विमानात बसणाऱ्यास चमत्कारिक वाटते. सेसना १७२ हे जगातील सर्वाधिक संख्येने बनलेले विमान उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या अलीकडील आवृत्तीचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे १,१५७ किलो आणि रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ७६७ किलो असते. उरलेल्या ३९० किलोंपैकी इंधनाच्या पूर्ण भरलेल्या टाक्या सुमारे १४५ किलो घेतात. वैमानिक, प्रवासी व सामान यांसाठी जेमतेम २४५ किलो शिल्लक राहतात. ७५ किलोंच्या चार व्यक्तींचे वजन ३०० किलो होते. म्हणजे एक प्रवासी तरी कमी करावा लागतो किंवा इंधन कमी भरावे लागते. समुद्रावरून जाताना इंधन कमी भरण्याचा मार्ग विचारपूर्वकच स्वीकारावा लागतो.

म्हणूनच जबाबदार कंपन्या प्रवाशांना व त्यांच्या पिशव्यांना काट्यावर उभे करतात आणि वजनानुसार आसने ठरवतात. वजन मागे किंवा पुढे फार सरकल्यास विमानाचा समतोल बिघडतो. सांगितलेले वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत तफावत असण्याची शक्यता गृहीत धरूनच ही पद्धत पडली आहे. प्रवाशाने तिला अपमान समजण्याचे कारण नाही.

तापमान आणि उंची यांचाही यावर परिणाम होतो. हवा तापली की विरळ होते. पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात. सोलापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तापमान ४२ अंश सेल्सिअस झाले असता तेथील हवेची घनता प्रमाण हवामानातील सुमारे १,६०० मीटर उंचीच्या हवेइतकी होते. अशा दुपारी विमानाला लांब धावावे लागते आणि ते सावकाश चढते. उन्हाळ्यात लहान विमानांची उड्डाणे पहाटे ठेवण्याची प्रथा याच कारणाने पडली आहे.

भारतातील कायदेशीर चौकट

भारतातील नागरी विमान वाहतुकीचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) करते. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आहे.

खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान वय १७ वर्षे आणि किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. असा परवानाधारक आप्तमित्रांना नेऊ शकतो, परंतु त्याबद्दल मोबदला घेऊ शकत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे आणि २०० तासांचा अनुभव लागतो. वैमानिकाकडे व्यावसायिक परवाना असला तरी तेवढ्याने भागत नाही. प्रवाशांकडून भाडे घेऊन फेऱ्या चालवायच्या असतील तर संस्थेकडे प्रचालकाचा परवाना असावा लागतो. वेळापत्रकाशिवाय चालणाऱ्या सेवांसाठी बिगर-अनुसूचित प्रचालक परवाना दिला जातो. चार्टर कंपन्या याच परवान्यावर चालतात. खासगी वापरासाठी नोंदवलेले विमान भाड्याने देणे बेकायदेशीर आहे. भारतीय नोंदणीच्या विमानावर ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होणारे चिन्ह असते, पण ते चिन्ह पाहून विमान व्यावसायिक वापरासाठी आहे की खासगी, हे कळत नाही. त्यामुळे प्रवाशाने प्रचालक परवान्याची विचारणा करणे युक्त ठरते.

हा भेद केवळ कागदोपत्री नाही. अनेक अपघात विमा पॉलिसींमध्ये परवानाधारक वाहतूकदाराच्या विमानातून भाडे भरून केलेल्या प्रवासालाच संरक्षण असते. परिचयाच्या व्यक्तीने ‘फक्त इंधनाचे पैसे द्या’ म्हणून घडवलेली फेरी अपघात झाल्यास प्रवाशाला विम्याच्या कक्षेबाहेर टाकू शकते.

राज्यात बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर आदी ठिकाणी वैमानिक प्रशिक्षण चालते. मात्र प्रशिक्षणाचे विमान हे पर्यटनाचे वाहन नव्हे.

उड्डाणाचा मार्गही सर्वत्र खुला नसतो. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आणि मलबार हिलवरील पारशी दोखम्यांच्या परिसरावरून उड्डाणास मनाई आहे. अंदमानातील विमानतळ नौदलाच्या तळाशी जोडलेला असल्याने तेथे लष्करी निर्बंध लागू होतात. लष्करी तळांवर उतरताना व तेथून निघताना खिडकीतून छायाचित्रे घेण्यास बंदी असते.

बेटांवरील हवाई सफर

बेटांना हवाई सफर विशेष साजते, याचे कारण उथळ समुद्राचे रंग. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश दिसतो. वरून पाहणाऱ्यास तळाची वाळू, प्रवाळ आणि खोली यांतील फरक रंगांच्या पट्ट्यांनी स्पष्ट होतो. मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाशी ल मॉर्न द्वीपकल्पाजवळ दिसणारा ‘पाण्याखालील धबधबा’ हे याचे ठळक उदाहरण आहे. तेथे पाणी खाली कोसळत नाही. उथळ मंचावरची वाळू व गाळ प्रवाहाबरोबर खोल भागाकडे सरकतात आणि निर्मळ पाण्यातून पाहताना धबधब्याचा आभास होतो. हा आभास केवळ वरूनच दिसतो. समुद्रकाठावरून पाहिल्यास काहीच आढळत नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज मॉरिशसमध्ये राहतात. त्यामुळे मराठी पर्यटकांना ते बेट अगदीच परके वाटत नाही.

मालदीवमध्ये जलविमान हे पर्यटनापेक्षाही वाहतुकीचे साधन आहे. पॉण्टूनवर तरंगणारी ट्विन ऑटर विमाने राजधानी मालेजवळील मुख्य विमानतळावरून प्रवाशांना दूरच्या बेटांवरील निवासस्थानी पोहोचवतात. ही उड्डाणे दिवसाउजेडीच होतात, कारण वैमानिकाला पाण्यावरची लाट, होड्या व प्रवाळ डोळ्यांनी पाहून उतरावे लागते. सायंकाळी मालेला पोहोचणाऱ्या प्रवाशाला म्हणूनच एक रात्र तेथे काढावी लागू शकते.

हवाई बेटांवर अपघातांच्या मालिकेनंतर १९९४ मध्ये अमेरिकी प्रशासनाने विशेष नियम लागू केले आणि हवाई सफरींसाठी सामान्यतः १,५०० फुटांची किमान उंची ठरवून दिली. या नियमातून या व्यवसायातील मूळ पेच लक्षात येतो. पर्यटकाला खालून जाणे आवडते, कारण दृश्य जवळ येते. सुरक्षितता मात्र उंचीत असते. सेसना १७२ चे इंजिन बंद पडल्यास ते प्रत्येक मीटर खाली येताना सुमारे नऊ मीटर पुढे तरंगू शकते. १,५०० फुटांवरून, म्हणजे सुमारे ४५७ मीटरवरून, ते अंदाजे चार किलोमीटर जाईल. किनारा त्याहून दूर असेल तर एक इंजिनाचे विमान समुद्रात उतरणार हे निश्चित आहे.

समुद्रावरील उड्डाणात जीवरक्षक जाकीट अंगावर असावे लागते, परंतु विमानाबाहेर पडल्यावरच ते फुगवायचे असते. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहृत इथिओपियन विमान कोमोरोस बेटांजवळ इंधन संपून समुद्रात उतरले, तेव्हा आत असतानाच जाकीट फुगवलेले अनेक प्रवासी पाणी शिरलेल्या विमानात छताशी अडकले. ते विमान मोठे असले तरी धडा लहान विमानालाही लागू पडतो.

अंदमान व लक्षद्वीप

अंदमानाविषयी मराठी पर्यटकांना वाटणारी ओढ प्रामुख्याने सेल्युलर जेलमुळे आहे. तेथील विमानतळाला वीर सावरकरांचे नाव दिलेले आहे. पवन हंस आणि अंदमान-निकोबार प्रशासन यांच्या ‘जल हंस’ या जलविमान सेवेचे उद्घाटन ३० डिसेंबर २०१० रोजी मुंबईतील जुहू येथे झाले. जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरू शकणारे सेसना कॅराव्हॅन जातीचे हे विमान आठ प्रवासी नेत असे. पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) येथून हॅवलॉक (आताचे स्वराज द्वीप) आणि दिगलीपूरकडे त्याची उड्डाणे होत. ती सेवा पुढे बंद पडली.

अंदमानात वरून पाहण्याजोग्या स्थळांत बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी येतो. तो राजधानीपासून सुमारे १४० किलोमीटरवर भर समुद्रात असल्याने लहान विमानाच्या दृष्टीने ही फेरी किरकोळ नव्हे. उत्तर सेंटिनल बेट व जारवा राखीव क्षेत्र येथील आदिवासींचे संपर्कापासून रक्षण करणारे कायदे आहेत. पर्यटनासाठी तेथे घिरट्या घालणे सर्वथा अनुचित होय.

लक्षद्वीपमधील एकमेव विमानतळ अगत्ती बेटावर आहे. त्याची धावपट्टी सुमारे १,२०० मीटर लांब असून तिच्या दोन्ही टोकांना समुद्र आहे. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना काढावा लागतो. तेथे जाणाऱ्यांच्या बाबतीत उतरतानाचा नियमित प्रवासच हवाई सफरीचे काम करतो, कारण विमान खाजणाच्या निळ्या-हिरव्या पाण्यावरून खाली येते.

महाराष्ट्रातील प्रयोग

महाराष्ट्रात ऑगस्ट २०१४ मध्ये मेहएअर या कंपनीने पर्यटन महामंडळाच्या सहकार्याने जुहूहून लोणावळ्याजवळील अॅम्बी व्हॅलीकडे जलविमान सुरू केले. राज्यातील धरणांचे जलाशय जोडण्याची कल्पना त्यामागे होती. ती प्रत्यक्षात फार पुढे गेली नाही. ९ डिसेंबर २०१७ रोजी स्पाइसजेटने गिरगाव चौपाटीवर कोडियाक विमानाचे प्रात्यक्षिक घडवले. पाण्यावर उतरणारे विमान पाहण्यास मुंबईकरांनी गर्दी केली, पण नियमित सेवा त्यातून निघाली नाही. शेजारच्या गुजरातेत ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादच्या साबरमती किनाऱ्यापासून केवडियापर्यंत जलविमान सुरू झाले. त्यासाठीचे ट्विन ऑटर मालदीवहून आणलेले होते आणि देखभालीसाठी ते पुन्हा मालदीवला पाठवावे लागे. ही सेवा २०२१ मध्ये थांबली.

या प्रयोगांच्या अपयशाची कारणे सारखीच आहेत. विमानात आसने कमी असल्याने प्रत्येक आसनावर पडणारा खर्च जास्त असतो. खाऱ्या पाण्याने धातू गंजतो, म्हणून विमान वारंवार गोड्या पाण्याने धुवावे लागते. सुटे भाग व जलविमानाचा अनुभव असलेले वैमानिक देशात कमी आहेत. पावसाळ्यात उड्डाणे बंद राहतात आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात. पश्चिम किनाऱ्यावर हा खंड जवळपास चार महिन्यांचा असतो. मालदीवमध्ये प्रवाशाला जलविमानाला फारसा पर्याय नसतो. मुंबई-लोणावळा मार्गावर द्रुतगती महामार्ग होता.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये जलविमानांसाठी सुलभ मार्गदर्शक सूचना जाहीर करून बिगर-अनुसूचित प्रचालकांना या क्षेत्रात येण्याचा मार्ग सोपा केला. परवाना सुलभ झाल्याने वरील आर्थिक अडचणी दूर होत नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागेल.

सिंधुदुर्ग, जंजिरा, खांदेरी, सुवर्णदुर्ग या जलदुर्गांचे तट वरून पाहिल्यास त्यांची रचना नकाशाप्रमाणे उलगडते. हवाई सफरीसाठी कोकण किनारा निसर्गतः अत्यंत अनुकूल आहे.

अपघात

हवाई सफरींच्या अपघातांत ढगात शिरलेले विमान डोंगरावर आदळणे हा प्रकार पुन्हा पुन्हा आढळतो. २५ सप्टेंबर २०११ रोजी एव्हरेस्ट दाखवून परतणारे बुद्ध एअरचे विमान काठमांडूजवळ कोटडांडा येथे ढगाळ हवेत कोसळले. विमानातील सर्व १९ जण मरण पावले. त्यांत दहा भारतीय होते. त्याआधी २८ नोव्हेंबर १९७९ रोजी अंटार्क्टिका दाखवण्यासाठी निघालेले एअर न्यूझीलंडचे मोठे विमान माउंट एरेबसवर आदळून २५७ जणांचा मृत्यू झाला होता.

महाराष्ट्रातील पर्यटकांनाही पर्वतीय उड्डाणांची झळ बसली आहे. २९ मे २०२२ रोजी नेपाळमध्ये पोखरा-जोमसोम मार्गावर तारा एअरचे ट्विन ऑटर कोसळून २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ठाण्याच्या एका कुटुंबातील चौघे होते. १५ जून २०२५ रोजी केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले. त्यातील सात मृतांमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील कुटुंब होते. ही दोन्ही उड्डाणे काटेकोर अर्थाने हवाई सफरी नव्हती, परंतु विमानाचा आकार, भूभाग आणि हवामानाची अनिश्चितता तीच होती.

अमेरिकेत १८ जून १९८६ रोजी ग्रँड कॅन्यनवर सफरीचे ट्विन ऑटर आणि हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन २५ जण ठार झाले. त्यानंतर तेथील उड्डाणांचे मार्ग व उंची कायद्याने ठरवण्यात आली. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २०१७ रोजी सिडनीजवळ बीव्हर जलविमान नदीत कोसळले व सहा जणांचा अंत झाला. इंजिनातून गळणारा कार्बन मोनॉक्साइड वायू कक्षात शिरून वैमानिकाची क्षमता घटली होती, असे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग किंवा गंध नसतो. तो ओळखणारे साधे यंत्र स्वस्तात मिळते, आणि त्या विमानातील साध्या रंगबदल पट्टीपेक्षा असे आवाज करणारे यंत्र अधिक उपयोगी ठरले असते.

पर्यटकाच्या बाजूने येणारा दबाव हाही धोक्याचा एक घटक मानला जातो. सुट्टीचा शेवटचा दिवस आहे, पैसे भरलेले आहेत आणि ढग उतरत आहेत, अशा वेळी उड्डाण रद्द करणाऱ्या वैमानिकाशी वाद घातला जातो. रद्द झालेल्या फेरीचे पैसे परत मिळतील का, हे आधीच लेखी ठरलेले असेल तर हा दबाव बराच कमी होतो.

सोलापूर

सोलापूरचे विमानतळ शहराच्या दक्षिणेस होटगी रस्त्यावर आहे. तेथून काही काळ किंगफिशर एअरलाइन्सची सेवा चालू होती. ती बंद पडल्यावर श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी हा उड्डाणांतील अडथळा म्हणून दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. शेतकरी सभासदांचे हित आणि शहराची विमानसेवा यांत हा संघर्ष होता. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ९ जून २०२५ रोजी फ्लाय९१ कंपनीने गोव्याला जाणारी सेवा सुरू केली. १५ ऑक्टोबर २०२५ पासून स्टार एअरची मुंबई सेवा सुरू झाली. फ्लाय९१ ने गोव्याहून अगत्तीलाही उड्डाणे सुरू केली असल्याने सोलापूरकरांना गोव्यात विमान बदलून लक्षद्वीप गाठण्याचा मार्ग खुला झाला.

नियमित सेवा नसलेल्या काळातही सोलापूरच्या आकाशात लहान विमाने फिरत होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी येथून विमाने उडवली. दोन हंगामांत २७६ ढगांचा अभ्यास करण्यात आला आणि बीजारोपण केलेल्या ढगांच्या खालच्या वाऱ्याच्या दिशेतील सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात सरासरी १८ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष संस्थेने काढला. पर्यटक ज्या ढगांपासून दूर राहतो, त्यांच्या जवळ मुद्दाम जाणारी ही उड्डाणे होती.

शहराच्या मध्यभागी भुईकोट किल्ल्याला लागून असलेल्या तलावात सिद्धेश्वर मंदिर बेटासारखे वसलेले आहे. त्याची रचना वरून जितकी स्पष्ट दिसते तितकी रस्त्यावरून दिसत नाही. अर्ध्या तासाच्या टापूत पंढरपूरजवळील भीमेचा चंद्रकोरीसारखा वळसा, हत्तरसंग कुडल येथील भीमा-सीना संगम आणि नळदुर्गाचा पाणीमहाल येतात. थोडे पुढे गेल्यास विजयपूरचा गोल घुमट. वायव्येला उजनीचा विस्तीर्ण जलाशय आहे, ज्यावर जलविमान उतरू शकेल असे नकाशा पाहून सहज वाटते. परंतु हिवाळ्यात, म्हणजे उड्डाणाला सर्वांत योग्य अशा हंगामात, या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. थव्याशी होणारी धडक लहान विमानाला घातक ठरू शकते आणि विमानाच्या आवाजाने पक्षी जागा सोडतात. नान्नज येथे माळढोकासाठी राखलेल्या अभयारण्याच्या बाबतीतही कमी उंचीवरील उड्डाणांविषयी हाच आक्षेप लागू होतो.